शस्त्रक्रियेसाठी मागवलेले रक्त वाया का जाते?

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. रामनवमीच्या यात्रेला येथे देशभरातून भाविक येतात. अशा गावातील अपघातग्रस्ताला किंवा अवघडलेल्या बाळंतिणीला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शहरातले रुग्णालय गाठावे लागते. तिथे योग्य गटाचे रक्त शिल्लक असेल, तरच त्या धावपळीचा उपयोग. ऐन उन्हाळ्यात रक्तदान शिबिरे कमी होतात आणि साठा घटतो. त्या वेळी शस्त्रक्रियागृहात वाया गेलेली एक पिशवीही महाग पडते.

रक्त कारखान्यात तयार होत नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर बंद झाली. म्हणजे प्रत्येक पिशवी कोणीतरी मोबदला न घेता दिलेली असते.

वाया जाण्याची कारणे

पहिले कारण तापमान. एका रक्तदानातून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करता येतात, पण प्रत्येकाची साठवण निराळी. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांना, सतत हलत्या ठेवून, साधारण ५ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांवर गोठवतात. एकदा वितळवला की तो पुन्हा गोठवता येत नाही.

लाल पेशींची पिशवी ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ शीतसाखळीबाहेर राहिली, तर प्रचलित नियमानुसार ती परत साठ्यात घेतली जात नाही. उबेत जंतू वाढण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया अपेक्षेपेक्षा सोपी झाली आणि पिशवी टेबलाशेजारी तशीच राहिली, की ती फेकावी लागते. प्लेटलेट मात्र चुकून फ्रीजमध्ये ठेवल्यामुळे बिघडतात. थंडीने त्यांचा आकार बदलतो आणि रुग्णाचे शरीर त्यांना लवकर काढून टाकते.

दुसरे कारण ‘असू द्या हाताशी’ म्हणून केलेली जादा मागणी. क्रॉसमॅच केलेली पिशवी एका रुग्णासाठी राखून ठेवली जाते. तेवढे दिवस ती दुसऱ्याला मिळत नाही आणि तिची मुदत मात्र सरत राहते.

उपाय काय?

कोणत्या शस्त्रक्रियेला सहसा किती रक्त लागते, याचे तक्ते रुग्णालये आपल्याच नोंदींवरून बनवू शकतात. जिथे रक्त क्वचितच लागते, तिथे आधी फक्त रक्तगट आणि प्रतिपिंडांची तपासणी करून ठेवली तरी पुरते. गरज पडली तर क्रॉसमॅच लवकर होतो. क्रॉसमॅच केलेल्या आणि प्रत्यक्ष दिलेल्या पिशव्यांचे प्रमाण दोनास एक किंवा त्याहून कमी असणे चांगले मानतात. चार पिशव्या राखून एकच वापरली जात असेल, तर मागणीची सवय बदलायला हवी.

रक्तस्राव जोरात नसेल, तर एका वेळी एकच पिशवी मागवावी. ती तापमान राखणाऱ्या पेटीतून आणावी, बाहेर काढल्याची वेळ लिहावी आणि नको असल्यास लगेच परत करावी. परत करण्याची जबाबदारी शस्त्रक्रियागृहातील एका ठरावीक व्यक्तीकडे असली, तर पिशवी विसरली जात नाही.

गरजच कमी करणे हा आणखी चांगला मार्ग. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी रक्तक्षय ओळखून लोहाचे उपचार करता येतात. ट्रॅनेक्सॅमिक आम्लासारखे औषध योग्य रुग्णांत रक्तस्राव कमी करते.

मात्र काटकसरीपायी रक्त उशिरा मागवणे धोक्याचे आहे. बाळंतपणातील किंवा अपघातातील जोरदार रक्तस्रावात रक्त तातडीने हवेच. तिथे एखादी पिशवी उरली तरी चालते.

नातेवाइकांनी काय करावे?

अनेकदा पिशवी आणायला घरचेच माणूस धावते. त्याने ती रक्तकेंद्राने दिलेल्या पेटीतच ठेवावी, बर्फाला थेट टेकवू नये, गाडीत उन्हात सोडू नये, घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नये. वाटेत न थांबता थेट परिचारिकेच्या हाती द्यावी आणि रक्तकेंद्रातून निघाल्याची वेळ सांगावी.