कॉम्प्युटर सुरू होत नाहीये? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी तो कुठे अडकलाय ते बघा

जुलै महिन्यात सेवा केंद्रातला कॉम्प्युटर बंद पडणं म्हणजे काय असतं, हे परभणी जिल्ह्यात सातबारा आणि बँकेचं पासबुक घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारावं. पीक विमा तारखेवर चालतो. २०२४ च्या खरिपासाठी आधी १५ जुलै ही शेवटची तारीख होती, नंतर ती ३१ जुलैपर्यंत वाढवली गेली. त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेचे अर्जही सुरू झाले होते. सोयाबीन पेरलं, पण विमा भरायचा राहून गेला, तर ‘कॉम्प्युटर चालू होत नव्हता’ हे कारण कुठल्याच रकान्यात बसत नाही.

अशा वेळी केंद्रचालक दुरुस्तीवाल्याला फोन लावतो आणि म्हणतो, “कॉम्प्युटर चालू होईना.” पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “घेऊन या, विंडो मारून देतो.”

विंडो मारणं म्हणजे डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकणं. कधीकधी ते खरंच लागतं. पण ‘चालू होईना’ या दोन शब्दांत अगदी वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि त्यातले बरेचसे विंडोजशी संबंधितच नसतात. सेल संपलेला, रॅम हललेली किंवा यूपीएसची बॅटरी बसलेली असताना फॉरमॅट मारणं म्हणजे दाराची कडी अडकली म्हणून घर पाडण्यासारखं आहे.

बटन दाबल्यावर आत काय होतं?

पॉवर बटन दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत काम एकाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जातं. आधी एसएमपीएस, म्हणजे सीपीयूच्या डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग, घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणतो. मग मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो. सगळं ठीक असेल तर तो डिस्क शोधून काम विंडोजच्या हवाली करतो. शेवटी विंडोज स्वतःच्या फाइल्स आणि ड्रायव्हर्स उचलून उभं राहतं.

या साखळीत काम जिथे थांबतं, बिघाड तिथे किंवा त्याच्या एक पाऊल अलीकडे असतो. त्यामुळे ‘चालू होत नाही’ म्हणण्याऐवजी ‘कुठपर्यंत चालू होतो’ हे बघितलं, की निम्मं निदान तिथेच होतं.

ना दिवा, ना पंख्याचा आवाज

बटन दाबलं आणि काहीच झालं नाही, तर विंडोजचा विषयच येत नाही. वीज आतपर्यंत पोहोचत नाहीये. आधी एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला करून वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. डब्याच्या मागे एसएमपीएसला स्वतःचं एक बटन असतं. साफसफाईत ते बंद झालेलं असणं ही चेष्टा वाटेल, पण असं होतं.

मराठवाड्यातल्या गावांत यातला खरा खलनायक बऱ्याचदा वीजच असते. लाईट जाते, येते, लगेच पुन्हा जाते. डीपीवर भार वाढला की व्होल्टेज खाली जातं, लाईट परत येताना एकदम उसळतं. हा सगळा मार एसएमपीएस झेलतो. त्याच्यातले कपॅसिटर उष्णतेनेही लवकर म्हातारे होतात, आणि परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या दुकानात उष्णतेला काही कमी नसते. एसएमपीएस गेला तर नवा बसवायचा, जुना उघडून बघायचा नाही. वायर काढल्यानंतरही त्यात काही काळ धोकादायक विजेचा साठा राहतो.

इथे यूपीएसबद्दल वेगळं सांगायला हवं. बॅटरी जुनी झाली की लाईट गेल्या क्षणी कॉम्प्युटरही जातो. काही यूपीएस तर सुरू करतानाचा भार पडला की ओरडून बंद होतात. दोष कॉम्प्युटरवर येतो आणि डबा उचलून शहरात नेला जातो. दुकानात तो पहिल्या फटक्यात सुरू होतो, कारण तिथे यूपीएस वेगळा असतो! म्हणून नेण्याआधी एकदा यूपीएस वगळून थेट विजेवर चालवून पाहावं.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटन अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग फक्त चार्जर लावून सुरू करा. आत अडकून राहिलेला चार्ज निघून गेला की काही लॅपटॉप मुकाट्याने सुरू होतात.

पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही

ही पावसाळ्यातली जुनी तक्रार. मॉनिटरची वायर आणि मॉनिटरचा स्वतःचा दिवा तपासून झाला असेल, तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. हवेतला ओलावा आणि धूळ रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बसते आणि खाचेतला संपर्क तुटतो. दुरुस्तीवाले याला ‘कार्बन आला’ म्हणतात. यावरचा गल्लोगल्लीचा इलाज म्हणजे रॅम काढायची, पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायच्या, चुरा झटकायचा आणि दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. इलाज गावठी वाटला तरी तो चालतो. खोडरबरऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरलं तर जास्त चांगलं. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघावी, म्हणजे खराब कोणती ते कळतं.

अट एकच, वायर भिंतीतून काढलेली हवी. आणि हात लावण्याआधी उघड्या धातूला स्पर्श करावा, कारण अंगातली स्थिर वीज चिपला मारू शकते.

काही मदरबोर्ड अशा वेळी ‘बीप’ वाजवतात. किती वाजले, लांब की तोकडे, याला अर्थ असतो, पण तो प्रत्येक बायोस कंपनीचा वेगळा. त्यामुळे ‘तीन बीप म्हणजे रॅमच’ असं ठोकून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बीप मोजा आणि बोर्डाच्या मॉडेलप्रमाणे अर्थ शोधा.

तीन व्होल्टच्या सेलची करामत

आता सगळ्यात फसवा बिघाड. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. जुन्या बोर्डांवर बायोसची सेटिंग्जही त्याच्याच भरवशावर असतात. काही वर्षांनी तो संपतो.

मग काय होतं? लाईट गेली की कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि कित्येक वर्षं मागे जातो. बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर येतात. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, कोणत्या पद्धतीने, हे बदललं की स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाईस’सारखा मजकूर येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, डिस्क गेली. प्रत्यक्षात डिस्क ठणठणीत असते. (हाच मजकूर यूएसबीला पेनड्राईव्ह विसरला असेल तरीही येऊ शकतो. आधी तो काढून बघा.)

कधी विंडोज सुरू होतं, पण सरकारी पोर्टल उघडत नाही, ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. कॉम्प्युटरचं घड्याळ २०१५ दाखवत असेल तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. केंद्रचालक सर्व्हरला शिव्या घालतो, रांगेतला शेतकरी नेटला, आणि दोषी असतो किरकोळ किमतीचा एक सेल. खाली कोपऱ्यात तारीख बघायची सवय असली की हे अर्ध्या मिनिटात कळतं.

कंपनीचं चिन्ह येतं, गोल फिरतं, आणि पुन्हा पहिल्यापासून

इथपर्यंत आलात तर मशीन बहुधा धड आहे, अडलंय ते विंडोज किंवा डिस्क. अपडेट चालू असताना लाईट गेली, एखादा ड्रायव्हर बिघडला किंवा डिस्कच मरायला टेकली, अशी कारणं असतात.

डिस्कमधून ‘टिक-टिक’ किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर पुढचं काहीही करू नका. बंद करा. अशा डिस्कवर दुरुस्तीच्या कमांड चालवणं म्हणजे मोडक्या पायाने पळायला लावणं. आधी डेटा काढायचा, बाकी नंतर.

आवाज नसेल तर विंडोजकडे स्वतःचा दवाखाना आहे. विंडोज १० आणि ११ सलग दोनदा सुरू होताना फसलं, की पुढच्या वेळी रिकव्हरीची निळी स्क्रीन येते. ती आपण होऊन आली नाही तर विंडोजचं चिन्ह दिसताच बटन दाबून धरून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की येते. तिथे ‘ट्रबलशूट’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असतात. स्टार्टअप रिपेअर आधी. मग शेवटचं अपडेट काढणं. मग सिस्टीम रिस्टोअर, म्हणजे फाइल्सना हात न लावता सेटिंग्ज आणि ड्रायव्हर्स आधीच्या तारखेला नेणं. आणि सेफ मोड, ज्यात विंडोज अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हर्सवर उभं राहतं.

या सेफ मोडची ताकद जगाने त्याच जुलैमध्ये पाहिली. १९ जुलै २०२४ ला सकाळी, भारतीय वेळेनुसार साडेनऊनंतर, क्राउडस्ट्राईक या सायबर सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाइल जगभर गेली. सुमारे सव्वा तासात कंपनीने ती मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकल्या होत्या. मुंबई विमानतळावर चेक-इन कोलमडलं, देशात इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

इलाज काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, क्राउडस्ट्राईकच्या फोल्डरमधली ती एक फाइल डिलीट करायची आणि पुन्हा सुरू करायचं. बस्स. फॉरमॅट नाही, नवी डिस्क नाही. पण मशीन सुरूच होत नसल्याने हे दुरून करता येत नव्हतं. बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्येक कॉम्प्युटरसमोर जाऊन बसावं लागलं. क्राउडस्ट्राईक हे मोठ्या कंपन्यांचं महागडं सॉफ्टवेअर, त्यामुळे गावातल्या सेवा केंद्रांना त्याची झळ बसण्याचं कारण नव्हतं. पण मेलेलं वाटणारं मशीन एका फाइलवर अडलेलं असू शकतं, हे परभणीतही तितकंच खरं आहे.

तिथे आणखी एक अडचण आली होती, बिटलॉकरची. डिस्क कुलूपबंद असेल तर रिकव्हरीत गेल्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. आता घरगुती लॅपटॉपवरही हा प्रश्न येतो, कारण विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करताच हे कुलूप आपोआप लागतं. किल्ली बहुधा त्याच अकाउंटमध्ये जतन होते आणि मोबाइलवरून बघता येते. ते अकाउंट दुकानदाराने विक्रीच्या दिवशी स्वतःच्या मनाने काढून दिलं असेल तर पंचाईत. लॅपटॉप चालू आहे तोवर किल्ली कागदावर लिहून ठेवा.

फॉरमॅटमध्ये नेमकं काय जातं?

“फक्त सी ड्राईव्ह फॉरमॅट करतो, बाकीचं राहील,” हे वाक्य ऐकून लोक निर्धास्त होतात. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर सहसा सी ड्राईव्हमध्येच असतात, आणि लोकांचं सगळं नेमकं तिथेच ठेवलेलं असतं.

सेवा केंद्रात याशिवाय अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटरची जुळवाजुळव हे सगळं नव्याने करावं लागतं. डीटीपीवाल्याचं दुखणं वेगळं. लग्नपत्रिका आणि बॅनरच्या फाइल्स वाचल्या, पण श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीचे फॉन्ट गेले, तर उघडल्यावर मराठीऐवजी चिन्हांचा चिवडा दिसतो.

डेटा वाचवायला विंडोज सुरू व्हावंच लागतं असंही नाही. डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते, किंवा उबंटूसारखी लिनक्स पेनड्राईव्हवरून चालवून फाइल्स कॉपी करता येतात. चुकून फॉरमॅट झालंच, तर त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून बरंच परत मिळू शकतं. एसएसडीत आशा फार कमी, कारण मोकळ्या झालेल्या जागा ती स्वतःच पुसून टाकते.

आणि ती डिस्क कुणाच्या हाती जातेय, हेही बघायला हवं. सेवा केंद्राच्या डाउनलोड्समध्ये निम्म्या गावाची आधार कार्डं आणि पासबुकं पडलेली असतात. डबा दुकानात ठेवून यायची वेळ आली आणि बिघाड वीज किंवा रॅमचा असेल, तर डिस्क काढून घरी ठेवली तरी चालते.

पुढच्या वेळी फोन करताना दुरुस्तीवाल्याला एवढं सांगा: दिवा लागतो का, पंखा फिरतो का, बीप किती, स्क्रीनवरचा शेवटचा मजकूर काय (मोबाइलने फोटो काढून पाठवा), आणि बंद पडण्याआधी लाईट गेली होती का, की अपडेट चालू होतं. फॉरमॅटला होकार देण्याआधी डेटा दुसरीकडे घेतलाय का ते विचारा. घेतला असं म्हणाला, तर पैसे देण्याआधी त्यातल्या दोन-चार फाइल्स उघडून बघा.