मैदानही त्यांचे, छापखानाही त्यांचा

कुरुद काय किंवा टाउनशिपमधील एखादा सेक्टर काय, भिलाईच्या वाचकास लोहखनिजाचे राजकारण समजावून सांगावे लागत नाही. १९५९ पासून येथील भट्ट्या दल्ली-राजहऱ्याच्या खनिजावर चालत आल्या. खाण सरकारची, कारखाना सरकारचा आणि कारखान्याचा संघ मैदानात उतरलाच तर तोही सरकारचाच. गोव्यात याच खनिजाने निराळा इतिहास घडविला. तेथे खाण खासगी, फुटबॉल संघ खासगी आणि निदान एका घराण्यापुरते बोलायचे तर वर्तमानपत्रही खासगी. या त्रिवेणी संगमाकडे मराठी वृत्तपत्रांनी क्वचितच रोखून पाहिले, याचे कारण त्या संगमातच दडलेले आहे.

साळगावकर उद्योगसमूहाचा संघ १९५६ चा, धेंपो समूहाचा त्यानंतर सुमारे दशकभराने आलेला. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. त्यांपैकी चार एकट्या धेंपोची होती. कोलकात्याची मिरासदारी मोडणाऱ्या या पराक्रमाचे कौतुक व्हायलाच हवे होते. खेडोपाडीच्या मुलांना खेळावर पगार मिळाला, कुटुंबे उभी राहिली, हेही नाकारता येणार नाही. परंतु मुक्तीनंतर अल्पावधीतच ‘नवहिंद टाइम्स’ आणि पुढे ‘नवप्रभा’ ही दैनिके काढणारे घराणे धेंपोंचेच, आणि ‘गोमंतक’ हे १९६२ साली चौगुले या दुसऱ्या खाणमालक घराण्याने सुरू केलेले. खाणमालकाच्या पत्रात खाणमालकाच्या संघाची बातमी क्रीडा पानावर येते. संघाचा खर्च कोणत्या डोंगरातून निघतो, हा प्रश्न अर्थकारणाच्या पानावर येण्याची घाई कोणालाच नसते. त्यासाठी संपादकास धमकवावे लागत नाही, संकोच पुरेसा असतो.

तो प्रश्न अखेर बाहेरून आला. न्या. एम. बी. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. गोव्यातील बेकायदा खाणकामाने सुमारे ३५ हजार कोटींचे नुकसान झाल्याचा त्यातील अंदाज वादग्रस्त ठरला, पण तीन दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की धेंपोंनी आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता. पत्रे आणि संघ मात्र त्यांनी राखले.

चर्चिल आलेमाव यांची गोष्ट वेगळ्या घाटाची आहे. १९८८ च्या सुमारास घराण्याच्या नावाचा संघ, १९९० मध्ये तीन आठवडेही न टिकलेले मुख्यमंत्रिपद, दोनदा लोकसभा, सार्वजनिक बांधकाम खाते आणि पुढे गोवा फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्षपद. संघाचा मालकच संघटनेचा अध्यक्ष झाला तर पंच कोणाकडे दाद मागणार? इटलीत सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी १९८६ मध्ये एसी मिलान घेतला आणि १९९४ मध्ये काढलेल्या पक्षाला प्रेक्षागारातील घोषणेचेच नाव दिले. त्यांच्याकडे दूरचित्रवाहिन्याही होत्या. सासष्टीतील नेत्याला त्याची गरज भासली नाही. गावोगावची मैदाने पुरली.

२०१४ नंतर मालकीचा नकाशाच बदलला. इंडियन सुपर लीगमागे रिलायन्स व स्टार इंडिया यांची भागीदारी होती, म्हणजे सामने दाखविणारी वाहिनी स्पर्धेचीही भागीदार. एफसी गोवाच्या पहिल्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर होते. साळगावकर हे अंबानी कुटुंबाचे जावई. डिसेंबर २०१५ च्या फातोर्ड्यातील अंतिम सामन्यानंतर चेन्नईचा एलानो पोलिसांच्या ताब्यात गेला, मालकांनी निकालाविषयीच शंका घेतली, आणि महासंघाच्या समितीने २०१६ मध्ये दोघांवर बंदी घालून संघास ११ कोटींचा दंड केला. नाते कामी आले नाही, हे मान्य करावे लागेल. अपिलात बंदी उठली, दंड घटला. त्याच वर्षी बहुसंख्य मालकी जयदेव मोदी यांच्याकडे गेली. मोदी म्हणजे मांडवीवरील कॅसिनोंशी निगडित डेल्टा कॉर्प. गोव्याच्या सार्वजनिक जीवनातील दोन सर्वाधिक वादग्रस्त धंदे एकामागून एक त्याच संघाच्या छातीवर आले. तरीही क्रीडा पानांवर त्या वेळी चर्चा रंगली ती विराट कोहलीच्या भागीदारीची.

त्याच २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपोही वरच्या वर्तुळातून दूर झाला तो २०२४-२५ मध्येच परतला. मालकांनी महासंघाच्या नव्या आराखड्यास दोष दिला आणि तो निराधार नव्हता. परंतु करार संपलेल्या खेळाडूंचे काय झाले, याचा पाठपुरावा व्हायला हवा होता तितका झाला नाही. मालक असताना प्रश्न विचारणे गैरसोयीचे, आणि मालक गेल्यावर विचारण्याजोगे कोणी उरत नाही.

ब्रिटनने आता या प्रश्नाला कायद्याचे रूप दिले आहे. रोमान अब्रामोविच यांनी २००३ मध्ये चेल्सी घेतला तेव्हा पैशाच्या उगमाविषयी कुजबूज होती. निर्बंध आले ते मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतर. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल शासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमून मालकांची पात्रता तपासण्याची तरतूद केली. आपल्याकडे २०२५ च्याच ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा शासन कायदा संमत केला, परंतु त्याचा रोख महासंघांवर आहे. क्लब कोणी विकत घेतला, कशाच्या जोरावर, आणि त्याची वाहिनी कोणती, ही विचारणा दिल्लीतील कोणत्या खात्याने करावी, हे राजधानीतील आपल्या अधिकारी वाचकांनाही सांगणे अवघड जाईल.

दरम्यान, महासंघाशी असलेल्या कराराचे नूतनीकरण न झाल्याने आयोजकांनी जुलै २०२५ मध्ये लीगचा हंगाम स्थगित केला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे वेतन बेमुदत रोखल्याचे जाहीर केले. तो निर्णय मालकांचा होता आणि त्यासाठी त्यांना कोणाचीही परवानगी लागली नाही.