पाकीट उलटं करून बघा!

दोस्तांनो, शाळा सुटलीय, ऊन मी म्हणतंय आणि दुकानाच्या फ्रीजमध्ये आंब्याच्या पेयाची गारेगार पाकिटं रांगेत उभी आहेत. पाकिटावरचा पिवळाधमक, रस टपकणारा आंबा तुमच्या चांगलाच ओळखीचा आहे. पण आज त्याच्याकडे बघायचंच नाही. पाकीट उलटं करा. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलंय ना, सगळी गंमत तिथे आहे.

आधी घटक वाचा. यांचा क्रम कंपनीने मनाला येईल तसा लावलेला नसतो. ज्याचं वजन जास्त ते आधी लिहायचं, असा नियमच आहे. बहुतेक पाकिटांवर पहिलं नाव पाण्याचं असतं. त्यानंतर कुठे साखर आधी येते, कुठे आंब्याचा गर. गरापुढे कंसात टक्केवारीही दिलेली असते. 'फ्रूट ड्रिंक' म्हणवून घ्यायला आपल्या देशात फळाचा अंश निदान 10 टक्के असला की पुरतं. लिंबाच्या पेयाला तर 5 टक्केही चालतो.

आता पेन्सिल घ्या. समजा, पाकीट 150 मिलिलिटरचं आहे आणि पोषणाच्या तक्त्यात 100 मिलिलिटरमागे 13 ग्रॅम साखर लिहिली आहे. बाजारातल्या कितीतरी पेयांचा आकडा याच्याच आसपास असतो. म्हणजे अख्ख्या पाकिटात झाली साडेएकोणीस ग्रॅम. चहाच्या चमच्यात साधारण 4 ग्रॅम साखर मावते. झाले की जवळजवळ पाच चमचे! 600 मिलिलिटरची बाटली असेल, तर वीसच्या घरात.

तुम्ही म्हणाल, आंब्यातही साखर असतेच की! अगदी बरोबर. पिकलेल्या आंब्याच्या 100 ग्रॅम गरात साधारण 14 ग्रॅम साखर असते. पण आपल्या पेयात गर आहे 10 टक्के. म्हणजे 13 ग्रॅमपैकी आंब्याने आणलेली साखर जेमतेम दीड ग्रॅम. बाकीची सगळी वरून घातलेली. पटत नसेल, तर तक्त्यात 'एकूण साखर' आणि 'अ‍ॅडेड शुगर' अशा दोन वेगळ्या ओळी असतात, त्या पडताळून पाहा.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. पाऊण पेला पाण्यात पाच चमचे साखर ढवळून दिली, तर दोन घोटांतच तुम्ही 'नको' म्हणाल. मग हे पेय गटागट कसं जातं? घटकांमध्ये 'आयएनएस 330' शोधा. हे सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाला आंबट करणारा पदार्थ. आंबट आणि गोड एकत्र आले की एकमेकांचा जोर कमी करतात. साखर तेवढीच राहते, जिभेला मात्र कमी भासते. दुसरी करामत गारव्याची. गोडाची वर्दी मेंदूला देणाऱ्या जिभेवरच्या पेशी थंडीत मंदावतात. वितळलेलं आइस्क्रीम एकदम गोडमिट्ट लागतं ना, ते याचमुळे. घरी करून बघा: एकाच पाकिटातलं पेय दोन कपांत ओता, एक कप फ्रीजमध्ये आणि एक बाहेर ठेवा आणि तासाभराने दोन्हींचा एकेक घोट घ्या.

अख्खा आंबा खाताना साखरेबरोबर तंतुमय पदार्थ येतात, अ आणि क जीवनसत्त्व येतं आणि पोटही भरतं. पाकिटातल्या पेयात हे सगळं अगदी नावापुरतं, आणि चावायचं तर काहीच नाही. शिवाय स्ट्रॉने अर्धा तास चुटूकचुटूक पीत बसलं, की तोंडातल्या जिवाणूंची चंगळ! ते साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातांचं कठीण आवरण झिजवतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं, की अशा सुट्या साखरेतून दिवसाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक यावेत आणि पाच टक्क्यांच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. दिवसाला 1800 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी पाच टक्के म्हणजे साडेबावीस ग्रॅम साखर. आपल्या एका पाकिटानेच तो कोटा संपत आला! आणि बरं का, फळांच्या निव्वळ रसातली साखरही या हिशेबात धरतात.

'100 टक्के फळांचा रस' म्हणून विकले जाणारे बरेच रस आधी आटवून घट्ट करतात आणि भरताना त्यात पुन्हा पाणी मिसळतात. म्हणूनच जून 2024 मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा रसांवरून 'शंभर टक्के' हा दावा काढून टाकायला सांगितलं. मला हा निर्णय फार आवडला.

आजीच्या पन्ह्यात किंवा कोकम सरबतातही गूळ-साखर असतेच, पण तिथे चमचा आपल्या हातात असतो.

आता तुमच्यासाठी कामगिरी. दुकानदारकाकांना विचारून तीन वेगवेगळ्या पेयांची पाकिटं बघा. प्रत्येकाच्या गराची टक्केवारी आणि 100 मिलिलिटरमागची साखर वहीत टिपा. अख्ख्या पाकिटात किती चमचे होतात, ते काढा आणि तुमचा तक्ता आम्हाला नक्की पाठवा!