रायगडाला जाऊ या, पण मावशींना घेऊन

तुंगार्लीच्या आमच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला आणि रायगड ठरला. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "तुम्ही जा गं. माझे गुडघे तिथं चालायचे नाहीत." सगळ्या हसल्या, मावशी मात्र हसल्या नाहीत. म्हणून आज हाच विषय घेतला.

उंचावरच्या राजधान्या जगात आणखीही आहेत. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर देशाची जुनी राजधानी कीटो २,८५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही बाराशे मीटर उंच. तिथली हवा विरळ. नव्या माणसाला पहिले एक-दोन दिवस जिना चढतानाही धाप लागते, डोकं दुखतं. रायगडाचं तसं नाही. त्याची उंची ८२० मीटर, आणि आपण राहतो तेच सव्वासहाशे मीटरच्या आसपास. दमवते ती हवा नव्हे, चढण. आपण बोरघाट उतरून खाली कोकणात जातो आणि तिथून पुन्हा चढतो. हजारावर दगडी पायऱ्या आहेत; सावकाश चढलं तर दोन तास धरा.

एक मात्र लक्षात ठेवा. प्राणवायू अंगभर नेतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन. ते कमी असेल, तर बाईला रायगडावरही कीटोसारखी धाप लागते. तेव्हा निघण्याआधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. बीपी, दमा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, रोजच्या गोळ्या पिशवीत ठेवा. पाणी, लिंबू-मीठ-साखर बरोबर घ्या आणि ऊन चढण्याआधी चढा.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी १९९६ पासून रोपवे आहे. पाच-सात मिनिटांत वर. चालू आहे का, ते आधी विचारून घ्यावं.

वर सगळे आधी राजसदरेकडे धावतात. ६ जून १६७४ला महाराजांचा राज्याभिषेक तिथंच झाला. पण गंगासागर तलावापाशीही थांबा. एवढ्या उंचावर राजधानी वसवायची तर पावसाचं पाणी साठवलंच पाहिजे; हंडा वाहिलेल्या बाईला ते वेगळं सांगायला नको. पुढे हिरकणीचा बुरूज. तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरलेल्या गवळणीची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे, पण तो कडा बघितल्यावर पोटात गोळा येतो.

आता मावशींसाठी मुद्दाम सांगते. गडाच्या पायथ्याला पाचाड आहे. गडावरची थंड हवा जिजाऊंना मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला, असं सांगतात. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊ गेल्या. त्यांची समाधी पाचाडलाच आहे. बऱ्याच गाड्या तिथं न थांबताच पुढे जातात, हे मला पटत नाही. आपण आधी पाचाडला उतरायचं, समाधीपाशी बसायचं, मग वर. रोपवे बंद निघाला, तर मावशींबरोबर पाचाडला मी थांबेन.

मावशींचं नाव यादीत लिहिलंय. रोपवेचं तिकीट धरून वर्गणी किती पडते, ते पुढच्या बैठकीत ठरवू.