जलसंजीवनीचे गणित चुकवू नका

पावसाळा आला की गढूळ पाण्याबरोबर जुलाब-उलट्याही घरात शिरतात. अशा वेळी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी द्यावी, हे आता बहुतेक मातांना ठाऊक आहे. पण "बाळ एवढं पाणी कुठं पितंय डॉक्टर, म्हणून एका पेल्यातच कालवली," असे मला दवाखान्यात दर पावसाळ्यात ऐकावे लागते. यात काय बिघडते, ते आज पाहू.

मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. पातळ पडद्यातून पाणी नेहमी जास्त क्षार-साखर असलेल्या बाजूकडे ओढले जाते. याला परासरण म्हणतात आणि ही ओढ मोजण्याचे माप म्हणजे परासरण दाब. तो पदार्थाच्या वजनावर नव्हे, तर पाण्यात सुट्या झालेल्या कणांच्या संख्येवर ठरतो. मिश्रण असेल तर प्रत्येक पदार्थाचे कण मोजून बेरीज करायची.

एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. रेणूभाराने भागले की अनुक्रमे सुमारे ४५, २०, १० आणि ७५ मिलिमोल येतात. मिठाचे पाण्यात दोन कण होतात, म्हणून ९०. पोटॅशियम क्लोराइडचेही दोन, म्हणून ४०. सायट्रेटचे चार, म्हणून ४०. ग्लुकोज फुटत नाही, ते ७५च. बेरीज २४५.

आपल्या रक्ताचा हाच आकडा साधारण २९० आहे. म्हणजे जलसंजीवनी रक्तापेक्षा पातळ, त्यामुळे पाणी आतड्यातून रक्ताकडे जाते. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात व पाण्याला सोबत नेतात. जुन्या पुडीची बेरीज ३११ होती. २००२ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ती २४५वर आणली. त्यामुळे जुलाब व उलट्या कमी होतात आणि सलाइन लावण्याची वेळही कमी येते.

आता तीच पुडी अर्ध्या लिटरात घातली तर बेरीज ४९०. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात घातली तर १२२५! पाणी उलट रक्तातून आतड्यात येते, जुलाब वाढतात, रक्तातील सोडियम चढते आणि बाळाला झटकेही येऊ शकतात. बाटलीतल्या गोड शीतपेयांचेही तेच. त्यांत साखर फार, क्षार नगण्य.

म्हणून पुडीवर लिहिले असेल तेवढेच पाणी मोजून घ्या. काही पुड्या २०० मिलिलिटरच्या असतात, काही एक लिटरच्या. पाणी उकळून गार केलेले असावे. वरून साखर-मीठ घालू नका. चमच्याचमच्याने पाजा आणि उरलेले चोवीस तासांनी फेकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. अंगावरचे दूध चालूच ठेवा. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस द्या.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त पडले किंवा मूल मलूल होऊन काही पिईना, तर मात्र घरी थांबू नका. तडक दवाखाना गाठा.