नावात आलेली आईची अक्षरे

सीताराम, गौरीशंकर, तुळशीराम अशी दोन शब्दांनी बनलेली नावे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जात आहेत. मात्र ती सामासिक, म्हणजे दोन्ही शब्द अखंड राखून जोडलेली असतात आणि त्यांचा ओढा देवाकडे असतो. अलीकडची जोडनावे आईवडिलांच्या नावांतली अक्षरे सुटी करून घडवली जातात. आदित्य चोप्रा व राणी मुखर्जी यांच्या 2015 साली जन्मलेल्या मुलीचे अदिरा आणि शाहिद कपूर व मीरा यांच्या 2016 साली जन्मलेल्या मुलीचे मीशा, या नावांमुळे ही रीत घरोघरी परिचित झाली. युक्ती मात्र जुनी आहे, कारण व्हेनेसा हे आज सर्रास आढळणारे इंग्रजी नाव जोनाथन स्विफ्टने इस्थर व्हॅनहोम्री या मैत्रिणीच्या नावातील तुकडे उलटसुलट जोडून घडवले आणि ते ज्या काव्यात आले ते 1726 साली छापले गेले.

पारस्कर गृह्यसूत्रात मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे असे सांगितले आहे. अदिरा त्या नियमातही बसते. परंतु त्याच सूत्रात नाव ठेवण्याचा अधिकार पित्याचा आहे, बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती वडिलांची बहीण, आणि पूर्ण नावातली मधली जागाही वडिलांचीच. जोडनावाचे खरे आकर्षण इथे आहे: जिला लेकराच्या नावात कुठेच स्थान नव्हते त्या आईची अक्षरे त्यात थेट पहिल्या शब्दात येतात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य शासनाने ठरवला. अनेक घरांनी त्याआधीच आपल्यापुरती वाट काढली होती.

जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागत असली, तरी बाळाचे नाव त्या नोंदीत 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, त्यामुळे अक्षरे जुळवून पाहायला सवड मिळते. ही सवड वापरावी, कारण प्रत्येक जोडी जुळत नाही आणि ओढूनताणून केलेले नाव आजीच्या तोंडी बसत नाही. जुळलेल्या नावाला मागाहून संस्कृत अर्थ चिकटवण्याची धडपड मात्र अनावश्यक आहे. ज्या दोन माणसांपासून ते घडले, तीच त्याचा पुरेसा अर्थ आहेत.