द्रवस्फटिकांना जाळ्याचा आधार

घन पदार्थ तापवला की वितळून द्रव होतो, हे आपण शाळेत शिकतो. पण १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला निराळेच दिसले. कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ १४५.५ अंश सेल्सियसला वितळला खरा, पण गढूळच राहिला. नितळ झाला तो १७८.५ अंशांना. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहतो, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. म्हणून पुढे त्याला ‘द्रवस्फटिक’ म्हणू लागले. दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरवरचे काळे आकडे असल्याच पदार्थांमुळे उमटतात.

हे घडते कसे? उभ्या ज्वारीचे शेत डोळ्यांपुढे आणा. वारा आला की सगळी धाटे एका दिशेला लवतात. द्रवस्फटिकाचे रेणूही असेच लांबट, आणि वीज हा त्यांचा वारा. व्होल्ट दिले की ते वळतात व प्रकाशाची वाट बदलते.

अडचण येते ती वारा पडल्यावर. वळवायला वीज आहे, परत आणायला ती नाही! रेणू आपले सावकाश माघारी फिरतात. थंडीत द्रव दाट होतो, तेव्हा तर फारच रेंगाळतात. हलत्या चित्राला ही दिरंगाई कशी परवडावी? मागचे चित्र पुसण्याआधीच पुढचे येऊन ठेपते.

यावरचा तोडगा टोमॅटो लावणाऱ्याला नवा नाही : काठ्या नि सुतळी. द्रवस्फटिकात थोडेसे मोनोमर मिसळतात, रेणू हव्या त्या दिशेने ठेवतात आणि वर अतिनील किरण सोडतात. मोनोमर एकमेकांना जोडले जाऊन पॉलिमरचे बारीक जाळे बनते. वीज थांबताच हे जाळे रेणूंना ओढून जागेवर आणते.

मग जाळे जितके दाट तितके बरे? छे! सुतळी फार घट्ट बांधली तर रोप लवायला मोठा वारा लागतो; तसे इथे व्होल्ट वाढतात. शिवाय दाट जाळ्यावर प्रकाश विखुरतो, चित्र धूसर होते. म्हणून मोनोमर किती घ्यावा, किरण किती प्रखर सोडावेत, ते किती अंशांना सोडावेत, याचा मेळ घालण्यातच सारे कसब आहे. विजेला चटकन दाद देणारा द्रवस्फटिक निवडला, तर वाढलेले व्होल्ट काहीसे खालीही आणता येतात.

शिक्षकबंधूंनी वर्गात एक लवचिक काडी उभी रोवून तिला दोन्ही बाजूंनी रबर बांधावे. बोटाने वाकवून सोडावी. मग आणखी दोन रबरे बांधून पुन्हा वाकवावी. काडी लवकर परतेल, पण बोटाला जोर जास्त लागेल. मुलांना सारा हिशेब तिथेच कळेल.